ट्रॅकर की नुसता ट्रायपॉड? डोंगरातल्या मुक्कामासाठी

गाडी कच्च्या वाटेनं पार वरपर्यंत चढवायची, अंधाऱ्या आकाशाखाली मुक्काम टाकायचा आणि आकाशगंगा टिपायची, एवढं ज्यांचं ठरलं आहे त्यांच्यापुढे खर्चाचा एकच मोठा प्रश्न उरतो. स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र) घ्यावा, की ट्रायपॉडवरच ओळीनं फ्रेम काढून नंतर स्टॅक कराव्यात, म्हणजे एकावर एक जुळवून त्यांचा एक फोटो करावा? मी दोन्ही वापरून पाहिलं आहे. दोन्हींतून उत्तम फोटो निघतात. फरक पडतो तो डोंगरातल्या जागेमुळे.

आधी ट्रॅकरचं श्रेय ट्रॅकरला. आकाश सेकंदाला 15 आर्कसेकंद (1 आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतं. 20 मिमी लेन्स आणि 24 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर असेल तर 500 चा नियम (500 भागिले लेन्सचे मिमी) 25 सेकंद सांगतो, पण तेवढ्यात खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सहा पिक्सेल लांबतो. ठिपका ठिपक्यासारखा हवा असेल तर 13 सेकंदांच्या पुढे जाऊ नये. ट्रॅकरवर त्याच लेन्सनं 3 मिनिटं, आयएसओ 800, एफ/2.8 असा एकच फ्रेम घेता येतो, आणि धनू-वृश्चिकाकडचे काळे धुळीचे पट्टे त्यात असे उठून येतात की स्टॅकला तिथवर पोचायला मेहनत पडते. कारण साधं आहे: स्टॅकमध्ये प्रत्येक फ्रेमसोबत सेन्सरचा रीड नॉइज, म्हणजे फ्रेम वाचताना मिसळणारे दाणे, पुन्हा भरावा लागतो.

स्टॅकचं गणितही वाईट नाही. 16 फ्रेम एकत्र केल्या की नॉइज चौथ्या हिश्शावर येतो. मी साधारण 20 फ्रेम घेतो: 13 सेकंद, एफ/2, आयएसओ 3200 ते 6400, मध्ये 1 सेकंदाचं अंतर. शेवटी लेन्सवर टोपी लावून त्याच एक्स्पोजरच्या दहा-पंधरा डार्क फ्रेम, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे डाग नंतर वजा करता येतील अशा काळ्या फ्रेम. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंदच हवं. ते चालू राहिलं तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ स्वतःची डार्क फ्रेम घेत बसतो आणि रात्र दुप्पट लांबते. स्टॅबिलायझेशन बंद. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून, आणि मग फोकस रिंगवर चिकटपट्टी. घरी आल्यावर विंडोजवर सीक्वेटर किंवा मॅकवर स्टारी लँडस्केप स्टॅकर. आकाशाचा भाग मास्क करून दिला की जमीन वेगळी स्थिर ठेवण्याचं काम प्रोग्रॅम बऱ्यापैकी करतो. वाऱ्यानं हलणारी झाडं मात्र त्यालाही नीट उलगडत नाहीत.

जमिनीचा प्रश्न ट्रॅकरवर जास्त बोचतो. 3 मिनिटांत आकाश 45 आर्कमिनिट, म्हणजे पाऊण अंश सरकतं आणि ट्रॅकरवरचा कॅमेराही त्यासोबत फिरतो, म्हणजे 20 मिमीला डोंगराची कड सुमारे 40 पिक्सेल फरफटते. जमिनीचा वेगळा फ्रेम ट्रॅकर बंद करून घ्यायचा आणि नंतर जोडायचा हे सगळे सांगतात. पण त्या 40 पिक्सेलच्या पट्ट्यात तारे अर्धा वेळच उघडे होते, त्यामुळे कडेलगत ते मंद पडलेले असतात. उघड्या कातळाची कड असेल तर हे निभावतं, झाडीची असेल तर जोड लपवताना तासभर सहज जातो.

हे सगळं मी सोसलं असतं. ट्रॅकर बाजूला पडला तो ध्रुवताऱ्यामुळे. ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवबिंदूकडे रोखावा लागतो (हीच अलाइनमेंट), आणि त्या बिंदूची खूण म्हणजे ध्रुवतारा.

डोंगरात मुक्काम कुठे पडतो? वारा लागू नये म्हणून खिंडीच्या खाली, ओढ्याजवळ, कड्याच्या पोटाशी. ध्रुवतारा क्षितिजापासून वर असतो तो आपल्या अक्षांशाएवढा. 45 अंशांवर राहणाऱ्याला फारशी अडचण येत नाही. 20 अंशांवर मात्र तो 20 अंशच वर असतो, आणि उत्तरेचा डोंगर जवळ असेल तर त्याची कड सहज 25 अंशांवर जाते. सप्तर्षी कलतात, शर्मिष्ठा वर येते, ध्रुव काही दिसत नाही. मग सगळं सामान उचलून उत्तर मोकळी असेल अशा जागी जा, तिथे समोर हवा तो देखावा असेलच असं नाही, आणि वारा तर नक्की असतो.

कंपास आणि फोनमधला कोनमापक वापरून अंदाजे अलाइनमेंट होते, हे खरं. गाडीच्या लोखंडापासून दहा पावलं लांब उभं राहायचं, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक धरायचा, उंचीचा कोन अक्षांशाएवढा लावायचा. एवढं करून 1 अंशाची चूक राहिली, तरी 2 मिनिटांत तारा फार तर 31 आर्कसेकंद सरकतो. 20 मिमीला हा अर्धा पिक्सेल, डोळ्याला कळतही नाही. 135 मिमीला तोच साडेतीन पिक्सेल होतो आणि तारे अंड्यासारखे दिसतात. मेख इथे आहे: ज्या रुंद लेन्सवर अंदाज चालतो, तिथे स्टॅकनंही भागतं. ज्या लांब लेन्सवर ट्रॅकरशिवाय गत्यंतर नाही, तिथे ध्रुवतारा डोळ्यांना दिसलाच पाहिजे. तोही खऱ्या ध्रुवबिंदूपासून साधारण दोन तृतीयांश अंश बाजूला असतो, म्हणून पोलर स्कोपमधल्या (ट्रॅकरच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर तो त्या वेळच्या जागी बसवावा लागतो. मान वाकडी करून हे जमवायचं, आणि मग कॅमेरा दुसरीकडे वळवताना बॉलहेडला (कॅमेरा धरणाऱ्या गोल सांध्याला) जोर लागला की पुन्हा पहिल्यापासून.

वाऱ्याचा हिशेबही स्टॅकच्या बाजूनं जातो. झोत आला, कुणी गाडीचं मागचं दार उघडलं आणि आतला दिवा लागला, तर वीसातली एक फ्रेम टाकून द्यायची. ट्रॅकरवर तीन मिनिटं गेली. ट्रायपॉडला पिशवी लटकवताय तर ती जमिनीला टेकू द्या, लोंबकळणारी पिशवी उलट हादरे देते. गाडीच्या टपावर ट्रायपॉड दोन्ही पद्धतींत नको, आत कुणी कूस बदलली तरी सस्पेन्शन हलतं.

वजनाचं म्हणाल तर वेज (ट्रॅकर अक्षांशाच्या कोनात तिरका धरणारा तळ) आणि प्रतिभार धरून अडीच-तीन किलो, गाडीला ते काहीच नाही. खडबडीत वाटेवर मात्र वेजचे बोल्ट सैल होतात. अॅलन की सोबत ठेवा आणि प्रवासात ट्रॅकरचा क्लच सैल सोडा, म्हणजे गिअरवर ताण येत नाही.

तुमचा ओढा देवयानी, मृगातला तेजोमेघ किंवा ज्येष्ठेभोवतीचे रंग यांच्याकडे असेल तर ट्रॅकर घ्याच, माझं म्हणणं त्याआड येऊ देऊ नका. अशा वेळी मुक्कामाची जागा नकाशावरच उत्तर बघून ठरवा आणि संधिप्रकाशात ध्रुव दिसू लागताच अलाइनमेंट उरकून घ्या. पण डोंगर आणि त्यावरची आकाशगंगा एकाच चौकटीत हवी असेल, तर मला वाटतं ते पैसे आधी एफ/1.8 च्या रुंद लेन्सवर, चांगल्या ट्रायपॉडवर आणि दव अडवणाऱ्या हीटरच्या पट्टीवर घालावेत. पट्टी फोकस बसवण्याआधीच गुंडाळा. नंतर गुंडाळायला गेलात तर रिंग हलते, आणि ते कळतं थेट घरी, मोठ्या पडद्यावर.