एमआयचा ऑनलाइन कोर्स: पैसे नेमके कशात वसूल झाले

पुढच्या वर्षाची फी भरा म्हणून आज पुन्हा मेसेज आला, म्हणून लिहायला बसले. मी तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (एमआय) म्हणजे सल्ला न लादता, बदलाची कारणं पेशंटच्याच तोंडून निघतील असं बोलणं. त्याचा हा कोर्स करून काही महिने झाले. त्यातली साधनं चार: ओपन क्वेश्चन (खुले प्रश्न), अफर्मेशन (दाद देणं), रिफ्लेक्शन (पेशंटचं म्हणणं विधान म्हणून परत मांडणं) आणि समरी (सारांश).

व्हिडिओ बरे, स्लाइड्स अति. रोलप्लेमधले पेशंट पाचव्या मिनिटाला तंबाखू सोडायला तयार. असा पेशंट मला अजून भेटायचाय!

पेशंटशी झालेल्या आपल्या बोलण्याची टेप तपासून घ्यायचे पैसे वेगळे, यावरून मी वैतागले होते. मिलर आणि सहकाऱ्यांच्या 2004 सालच्या अभ्यासात स्पष्ट दिसतं की नुसत्या कार्यशाळेतून आलेलं कौशल्य ओसरतं, फीडबॅक आणि कोचिंग मिळालं तर टिकतं. हे शिकवणाऱ्यांना ठाऊक असणारच. तरी मूळ फीमधून नेमकं तेच वगळलं. शेवटी पदरमोड करून, पेशंटची रीतसर संमती घेऊन, एक टेप पाठवली. आठवड्यात देतो म्हणाले, शेऱ्यांची शीट आली महिन्याने, तीही मी फोनवर भांडल्यावर.

पण शीट वाचून मत बदललं. एमआयटीआय, म्हणजे एमआय कितपत जमलं ते मोजायची पद्धत, तिच्यानुसार वीस मिनिटं तपासलेली. एका प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन म्हणजे ठीकठाक, दोन म्हणजे चांगलं. माझे प्रश्नच जास्त. शेजारी मिनिट-सेकंदासकट शेरा: "इथे आवाज वर गेला."

त्या जागी एक मावशी म्हणाल्या होत्या, "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." मी म्हटलं, "मशेरीशिवाय दिवसच सुरू होत नाही?" शेवटी आवाज चढला आणि रिफ्लेक्शनचा प्रश्न झाला. झालं, त्या स्वतःची बाजू मांडत सुटल्या. पुढच्या भेटीत तोच विषय निघाला. वाक्य तेच, फक्त शेवटी आवाज खाली आणला आणि गप्प बसले. जरा वेळाने म्हणाल्या, "तसं काही नाही. लेकीकडे गेले की नाही लावत. वासाने नातू जवळ येत नाही." सल्ला द्यायला जीभ शिवशिवत होती. "नातवासाठी जमतं," एवढंच बोलले. मग त्याच सांगू लागल्या, तिकडे सकाळी नुसतं कोमट पाणी पितात ते.

बाकी कोर्सला दोन तारे, शीटला पाच. नवीन कुणी घेणार असाल तर टेपतपासणी फीमध्ये धरलीय का, हे आधी लेखी विचारा. मी त्यांना कळवलंय: पॅकेज नको, फक्त टेप तपासायचे किती घ्याल ते सांगा. उत्तर म्हणून पुन्हा पॅकेजचीच लिंक आली.