आठ महिने ध्रुवण सूक्ष्मदर्शक वापरल्यावर

भूशास्त्रात पदवी घेऊन पंधरा वर्षं झाली, नोकरी वेगळ्याच क्षेत्रात लागली, तरी दगडांची ओढ सुटली नाही. गेल्या दिवाळीत घरी ध्रुवण सूक्ष्मदर्शक आणला, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या (ध्रुवित) उजेडात दगडाचे पातळ काप बघायचं यंत्र. विद्यार्थ्यांसाठीचं साधं मॉडेल, 4, 10 आणि 40 पट ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची लेन्स), स्लाइड ठेवायची फिरती गोल स्टेज. नाव सांगत नाही, कारण या किमतीत थोड्याफार फरकाने सगळे सारखेच असावेत.

पहिला महिना त्रासात गेला. स्टेज फिरवली की बघत असलेला कण नजरेबाहेर निघून जायचा. ऑब्जेक्टिव्हच्या बाजूचे दोन बारीक स्क्रू फिरवून केंद्र जुळवावं लागतं. ते जुळलं तरी ऑब्जेक्टिव्ह बदलला की पुन्हा सरकतं, आणि 40 पटीवर तर फारच जाणवतं. दुसरी खोड म्हणजे खालचा पोलरायझर (उजेड ध्रुवित करणारी चकती; एक स्लाइडच्या खाली, एक वर असते) शून्यावर अडकत नाही, हाताने बसवावा लागतो. बसण्याआधी स्टेज रिकामी ठेवून दोन्ही पोलरायझर एकमेकांना आडवे-उभे (काटकोनात) करते आणि पूर्ण अंधार होईपर्यंत खालचा हलवते. हे केलं नाही तर पुढची सगळी मापं चुकतात. एलईडीचा उजेड निळसर आहे, पण त्याची सवय झाली.

खरी मेहनत स्लाइडची. जुन्नरकडे आमच्या शेतात विहीर खोदताना मुरूम आणि मांजऱ्या (मऊ खडक) संपून खाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, लागला होता, त्याचाच तुकडा घेतला. चकती कापून घेतली, एक बाजू काचेवर 220, 400, 600, 1000 नंबरच्या कार्बोरंडम (घासायच्या कठीण) पावडरीने घासली, इपॉक्सीने स्लाइडवर चिकटवली आणि मग दुसरी बाजू घासायला घेतली. जाडी 0.03 मिलिमीटरवर आणायची असते. ती एरवी क्वार्ट्झच्या रंगावरून ओळखतात, पण बेसॉल्टमध्ये सहसा क्वार्ट्झ नसतो, म्हणून प्लेजिओक्लेज या खनिजावरून ओळखायची. पोलरायझर आडवे-उभे ठेवून तो करडा-पांढरा दिसला म्हणजे झालं. पिवळा-नारिंगी दिसतोय तोवर स्लाइड जाड आहे. पहिल्या दोन स्लाइड मी पिवळ्यावरच थांबवल्या होत्या आणि रंग बघून खनिजंच चुकीची ओळखत होते. तिसरीला शेवटची पाच मिनिटं 1000 नंबरवर बोटाने हळूहळू घासली, तेव्हा जमली.

त्या स्लाइडसाठी सगळे कष्ट सार्थकी लागले. साध्या उजेडात प्लेजिओक्लेजच्या स्वच्छ पट्ट्या, त्यांच्यामध्ये फिकट तपकिरी ऑजाइट हे खनिज आणि लोहखनिजाचे काळेकुट्ट ठिपके. वरचा पोलरायझर आत सरकवला की प्रत्येक पट्टीत काळ्या-पांढऱ्या रेघा उमटतात, ती जुळी स्फटिकं. ऑजाइट निळा-पिवळा पेटतो. मग स्टेज सावकाश फिरवत गेले. पट्ट्यांनी तुकडे केल्यासारखे दिसणारे ऑजाइटचे सात-आठ ठिपके एकाच क्षणी काळे पडले, आणखी थोडं फिरवल्यावर एकदमच उजळले. म्हणजे ते तुकडे नव्हेत, तो एकच ऑजाइट. प्लेजिओक्लेजच्या पट्ट्यांना कवेत घेत तो वाढला आहे. वडिलांना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः तीन-चारदा स्टेज फिरवली आणि म्हणाले, "एवढं सगळं आपल्या विहिरीत होतं?" सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा कोणत्या क्रमाने थिजला हे त्या एका फिरवण्यात दिसतं, आणि एवढ्यासाठीसुद्धा मी हे यंत्र पुन्हा घेईन.

मापंही जमतात. जुळ्या रेघांच्या दोन्ही बाजू सारख्याच कोनात काळ्या होतील असे दहा कण शोधले आणि सर्वांत मोठा कोन घेतला. तो 32 अंशांच्या आसपास आला, म्हणजे लॅब्राडोराइट, प्लेजिओक्लेजचाच एक प्रकार. वाचून पाठ केलेलं नाव आपल्या हाताने मोजून काढण्यात वेगळाच आनंद आहे. दगडातल्या पोकळ्यांत झिओलाइट हे खनिजही सापडलं, करड्या रंगांचे पंख्यासारखे पसरलेले धागे. स्टेज फिरवली की त्यांवरून काळी सावली सरकत जाते.

40 पटीवर कव्हर ग्लासशिवाय (स्लाइडवर ठेवायची पातळ काच) काहीच नीट दिसत नाही, आणि स्लाइड चुकून उलटी ठेवली तर फोकस होत नाही. फोकस करायच्या नादात लेन्स खाली नेत राहिलं की काच तडकते. एक स्लाइड अशीच गेली. आता लेन्स आधी कडेने डोळ्यांनी बघत जवळ आणते आणि मग आयपीसमधून (डोळ्याजवळची लेन्स) बघत फक्त वर नेते.

पावसाळा लागल्यापासून काळजी आहे ती बुरशीची. काम झालं की ऑब्जेक्टिव्ह काढून सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवते. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवते. घेणार असाल तर या डब्याचे आणि कार्बोरंडमचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.