हनोईच्या जुन्या भागात सात महिने जेवून: कुठे, काय आणि किती वाजता

हनोईच्या जुन्या भागात एका दुकानात बहुतेक वेळा एकच पदार्थ मिळतो, आणि तो ठरलेल्या वेळेतच मिळतो. सात महिने रोजचं खाणं याच गल्ल्यांमध्ये झाल्यावर सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं ते हेच. दुपारी चारला भूक लागली म्हणून चार भाषांतला, चाळीस फोटोंचा मेनू टांगलेल्या हॉटेलात शिरलात, तर पोट भरेल. हनोईचं जेवण मात्र राहूनच जाईल.

याचं कारण घरांच्या बांधणीत आहे. होआन किएम तळ्याच्या उत्तरेचा हा 'छत्तीस रस्त्यांचा' भाग नळीसारख्या घरांचा. दर्शनी बाजू जेमतेम तीन-चार मीटर, आत घर लांबच लांब. तोंडाशी एक शेगडी आणि एक पातेलं मावतं, गिऱ्हाईक फुटपाथवर गुडघ्याएवढ्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसतं. रस्त्यांची नावंही त्याच वळणाची. 'हांग' म्हणजे माल: हांग बाक चांदीचा, हांग मुओई मिठाचा, हांग गा कोंबड्यांचा. माल बहुतेक ठिकाणी बदलला, पण एका जागी एकच वस्तू विकायची सवय खाण्यात टिकली आहे.

आता उच्चाराची एक गंमत. 'फो' म्हणजे रस्ता. जुन्या भागाला 'फो को' म्हणतात. तांदळाच्या पट्ट्या आणि मांस घातलेलं सूप आहे ते 'फऽ', आणि ते प्रश्न विचारल्यासारखं म्हणायचं. तिखटाला शब्द आहे 'काय'. गोंधळून सहज "काय?" म्हणालात, तर मिरचीची वाटी पुढे येऊ शकते.

फऽ हा मुळात सकाळचा पदार्थ. सहा ते नऊ ही खरी वेळ. काही दुकानं संध्याकाळी पुन्हा उघडतात. बात दान रस्त्यावरचं 49 नंबरचं दुकान 'फऽ झा च्वेन' नावाने चालतं. 'झा च्वेन' म्हणजे घराण्यात चालत आलेलं, आणि ही पाटी शहरात शेकड्याने दिसते, त्यामुळे नावावर न जाता पत्त्यावर जा. पद्धत अशी: रांग, आधी पैसे, मग आपला वाडगा आपणच उचलून टेबल शोधायचं. मिशेलिनची मार्गदर्शिका 2023 मध्ये हनोईत आली तेव्हा पहिल्याच यादीत हे दुकान होतं. इथे तीन शब्द पुरतात: 'चिन' म्हणजे शिजलेलं मांस, 'ताय' म्हणजे कच्च्या पातळ चकत्या ज्या उकळत्या सुपाने वाडग्यातच शिजतात, आणि 'ताय नाम' म्हणजे कच्च्यासोबत पोटाकडचं शिजवलेलं मांस. 'ताय' मागवलं तर लगेच खा. सूप कोमट झालं की चकत्या चिवट लागतात आणि तांदळाच्या पट्ट्या दहा मिनिटांत फुगतात. फोटो काढण्यात सकाळ घालवणाऱ्यांना बरं लागत नाही ते यामुळेच.

सुपासाठी हाडं आठ-दहा तास मंद आचेवर, आलं आणि छोटे कांदे थेट विस्तवावर भाजून, सोबत चक्रीफूल, दालचिनी आणि मसाला वेलचीच्या जातीचं एक मोठं फळ. गोडा मसाला ओळखणाऱ्या नाकाला हा वास परका वाटणार नाही. पण दुकानात शिरताच चक्रीफूलच नाकात भरलं, तर समजा की हाडं कमी पडली आहेत आणि मसाल्याने वेळ मारून नेली आहे. पहिले दोन घोट काही न घालता प्या. मग लसणाचं व्हिनेगर, 'झाम तोय', अर्धा चमचा, किंवा लिंबू. दोन्ही एकत्र नको, आंबटपणा सुपाच्या वर जातो. मोड आलेले मूग, तुळशीचा ढीग आणि गोड काळा सॉस ही दक्षिणेची, सायगॉनकडची रीत. हनोईत ते न मागता आलं, तर दुकान पर्यटकांवर चालतंय असं समजायला हरकत नाही. तळलेल्या मैद्याच्या काड्या, 'क्वाय', मागवाव्या लागतात आणि त्यांचे पैसे वेगळे.

गोमांस न खाणाऱ्यांनी पाटीवर 'बो' आणि 'गा' वाचायला शिकावं. 'बो' गाय, 'गा' कोंबडी. फक्त 'गा' लिहिलेल्या दुकानातच फऽ गा खा. दोन्ही विकणाऱ्या लहान दुकानात पातेलं एकच असू शकतं, आणि कोंबडी वर ठेवलेली असली तरी खाली सूप गोमांसाच्या हाडांचं असतं. चांगल्या फऽ गावर लिंबाच्या पानाचे केसासारखे बारीक काप येतात. ते नसले तर वाडगा अर्धवटच.

न्याहारीला दुसरा पर्याय बान्ह क्वोन, आणि तो बनताना बघण्यातच अर्धी मजा आहे. हांग गा रस्त्यावर 12-14 नंबरला थान्ह वान नावाचं दुकान यासाठी प्रसिद्ध. पातेल्याच्या तोंडावर कापड ताणून बांधलेलं, खाली पाणी उकळतंय. तांदळाच्या पातळ पिठाचा एक पळा कापडावर टाकून पळ्याच्याच बुडाने गोल फिरवतात, वीस-तीस सेकंद झाकण. मग बांबूची लांब चपटी काठी कडेखालून सरकवून आख्खा पापुद्रा एका झटक्यात उचलतात आणि तेल लावलेल्या ताटावर पसरतात. मोदकाची उकड घावनाहूनही पातळ पसरावी आणि आतलं सारण दिसावं, असं ते काम. सारणात डुकराचा खिमा आणि लाकडावर उगवणारं काळं अळंबी, वर तळलेला कांदा. सोबतची चटणी माशाच्या रसाची, 'नुओक माम'ची: पाणी, साखर आणि आंबट घालून सौम्य केलेली. थंडीत ती कोमट देणारं दुकान जपून ठेवा. पापुद्रे आधीच करून थरावर थर रचलेले दिसले तर सरळ पुढे चला, ते रबर झालेले असतात.

बुन चा अकरा ते दीड. शेगडी बाहेर असते, धुरावरूनच दुकान सापडतं. हांग मान्ह रस्त्यावर 1 नंबरला दाक किमचं दुकान; वाढप भरपूर, कमी खाणाऱ्या दोघांत एक वाटी चालते. कोळशावर भाजलेल्या खिम्याच्या टिकिया आणि चरबीसकट चकत्या, दोन्ही कोमट आंबटगोड रसात बुडलेल्या, त्यात कच्च्या पपईचे काप. बाजूला तांदळाच्या शेवया आणि पाल्याची परडी. सगळं एकत्र ओतू नका: शेवयांचा लहान गुंता, दोन पानं, एक टिकिया, रसात बुडवून एक घास. सगळं एकदम ओतलं की रस पातळ होतो आणि शेवया चिकटून गोळा बनतात. परडीतली जांभळी पानं 'तिया तो'ची. ती काढून ठेवलीत तर चरबी जड जाते. एक सूचना: काही ठिकाणी खेकड्याच्या तळलेल्या गुंडाळ्या न मागता टेबलावर येतात आणि बिलात लागतात. नको असतील तर हात न लावता परत करायच्या. बराक ओबामा 2016 मध्ये जिथे बुन चा खाऊन गेले ते दुकान या भागात नाही, तळ्याच्या दक्षिणेला ले वान हिउ रस्त्यावर आहे. इथे शोधत फिरू नका.

मराठी जिभेला सगळ्यात जवळचा पदार्थ मात्र चा का. हळद लावलेला मासा आणि ओंजळभर शेपू. हो, आपलाच शेपू. तिथे 'थी ला' म्हणतात. शेपू न आवडणाऱ्यांनी या ताटावर पैसे घालवू नयेत, कारण इथे तो कोथिंबिरीसारखा वरून पेरत नाहीत, भाजीसारखा घालतात. 14 नंबरचं ला वोंग हे जुनं दुकान ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचं नावच या पदार्थावरून 'चा का' पडलं. आधी तो हांग सोन होता. मासा शिंगाळ्यासारखा मिशीवाला, काटे कमी. तुकड्यांना हळद, गलांगल हे आल्याच्या जातीचं मूळ आणि आंबवलेला भात लावून ते आधी भाजलेले असतात. टेबलावरच्या शेगडीत तेल चरचरू लागलं की तुकडे उलटायचे, मग शेपू आणि कांद्याची पात घालायची. चूक होते ती इथे. सगळी पात एकदम ढकलली की पाणी सुटतं, तेल थंड होतं आणि मासा तळला जाण्याऐवजी उकडतो. दोन वेळा, मूठ-मूठ घाला, अर्धा मिनिट पुरे. वाटीत खाली शेवया, वर मासा आणि पाला, भाजलेले शेंगदाणे, शेवटी माम तोम. तो लहान कोळंबीचा जांभळट खारवलेला लगदा. कोलीम आणि सुका जवळा घरात शिजलेल्या कोकणी माणसाला त्या वासाची भीती वाटणार नाही. लिंबू पिळून, साखर घालून, फेस येईपर्यंत घोटायचा. न घोटता नुसता चाखला तर खारटपणाच जाणवतो. वास अगदीच नको असेल तर नुओक माम मागा, देतात. माणशी दीडशे ते दोनशे हजार डोंग (व्हिएतनामचं चलन), म्हणजे या यादीतला हा महागडा.

न्गुयेन हू ह्वान रस्त्यावर एकमेकांपासून जवळच दोन जागा आहेत. 35 बी ला सोय येन, चिकट भाताचं. तिथे 'सोय सेओ' मागा: हळदीचा भात आणि त्यावर शिजवून, घट्ट गोळा केलेली मूगडाळ. तो गोळा तळहातावर धरून सुरीने पातळ पापुद्रे थेट भातावर पाडतात, वर तळलेला कांदा. दिसायला निव्वळ शाकाहारी. पण शेवटी चमकीसाठी एक चमचा चरबी पडते. "खोंग मऽ", म्हणजे चरबी नको, हे भात वाढायच्या आधी सांगायचं. 39 नंबरला, बोळातून आत, काफे झांग: 1946 मध्ये दुधाची टंचाई असताना मेट्रोपोल हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्याने दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला, ती ही अंड्याची कॉफी. कप गरम पाण्याच्या वाटीत बसवून देतात. तो बाहेर काढू नका, कॉफी गार झाली की अंड्याचा वास वर येतो.

शाकाहारींसाठी हा भाग सोपा नाही. 'चाय' म्हणजे शाकाहारी. "तोई आन चाय", म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढ्याने काम होत नाही. पहिला सापळा असा की 'बान्ह क्वोन चाय' म्हणजे फक्त सारण नसलेला, चटणी माशाचीच. सोयासॉस, 'सी झोउ', वेगळा मागावा लागतो. दुसरा सापळा हिरव्या भाजीत. लसणाची फोडणी दिलेली नाळीची भाजी निर्धोक दिसते, पण तिच्यात 'हात नेम' नावाची दाणेदार पूड पडते आणि ती बहुधा डुकराच्या मांसहाडांच्या अर्काची असते. म्हणून "खोंग नुओक माम, खोंग हात नेम" हे दोन्ही लिहून दाखवा, बोलून सूर चुकतात. खात्री हवी तर ज्या दुकानाच्या पाटीवरच 'चाय' आहे तिथेच जा. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-प्रतिपदेच्या आणि पौर्णिमेच्या आसपास, बरेच स्थानिक लोक चाय खातात. त्या दिवशी पर्याय वाढतात, गर्दीही. कडक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, हे आपल्याकडच्या बऱ्याच घरांना सोयीचं. कंद वर्ज्य असणाऱ्या जैनांना मात्र तिथेही प्रत्येक ताटाबद्दल विचारावं लागेल.

पैशांचं थोडक्यात. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग. फऽ किंवा बुन चा पन्नास ते नव्वद हजार, बान्ह क्वोन त्याहून थोडा स्वस्त, बर्फाचा चहा, 'चा दा', पाचेक हजार. बोलताना हजार गाळतात, 'पन्नास' म्हणजे पन्नास हजार. फुटपाथवर परदेशी कार्ड चालत नाही. 20 हजार आणि 500 हजारांच्या नोटा दोन्ही निळ्या, संध्याकाळच्या उजेडात हमखास चूक होते. वेगळ्या खिशात ठेवा. ओल्या रुमालाची पाकिटं फोडली की पैसे लागतात. किंमत पाटीवर नसेल तर बसण्याआधी विचारा, त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

न पटलेलं असं: ता हिएन रस्त्यावरची ताजी बिअर स्वस्त आणि हलकी, पण तिथलं खाणं सुमार आणि बोलावणारी मुलं वाट अडवतात. बिअर प्या, जेवण दुसरीकडे करा. शुक्रवार ते रविवार रात्री बाजार भरतो तेव्हा हांग दाओवरून चालणंही कठीण. आणि तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या, दिवसांत जाऊ नका: घरातलं दुकान म्हणजे घरच बंद. उघडी असतात ती जास्त पैसे लावतात.

शरद ऋतूत गेलात तर 'कोम' सोडू नका. कोवळा चिकट भात भाजून, कांडून केलेले हिरवे पोहे. हुरड्याचा कोवळेपणा आणि पोह्यांचा आकार. कमळाच्या पानात बांधून विकतात आणि त्याच दिवशी खायचे असतात. हांग थान रस्त्यावर 11 नंबरला न्गुयेन निन्हकडे याच कोमचा बान्ह कोम मिळतो: हिरवी मऊ पारी, आत मूगडाळ आणि खोबऱ्याचं पुरण. तो मुंबई-पुण्याला न्यायचा असेल तर निघायच्या दिवशी सकाळी घ्या. दोन-तीन दिवसांत पारी कडक होते, आणि फ्रिजमध्ये ठेवलात तर एका रात्रीतच.