छातीचा पट्टा की मनगटी घड्याळ?

धावताना नाडी मोजायला घड्याळ पुरेल की पट्टाही घ्यावा, असा पेच अनेकांना पडतो.

अचूकतेत पट्टाच सरस. तो हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो. घड्याळ हिरव्या प्रकाशाने त्वचेखालचा रक्तप्रवाह वाचतं; एकसारख्या वेगात ते ठीक चालतं, पण इंटरव्हलमध्ये, म्हणजे आलटूनपालटून जोरात-हळू धावताना, आकडा मागे पडतो. कधी ते पावलांची लयच नाडी समजून बसतं. आरामात धावतानाही १७०-१८० दिसलं, तर आधी हाच संशय घ्या. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधा. डंबेल उचलताना मनगट वाकतं, तिथे त्याचा भरवसा नको.

पट्ट्याला निगा लागते. घालण्याआधी त्वचेला टेकणारे भाग (इलेक्ट्रोड) ओले करा, नाहीतर घाम येईपर्यंत आकडे वेडेवाकडे येतात. नंतर सेन्सर काढून पट्टा धुवा. सेन्सर तसाच राहिला तर बॅटरी उगाच उतरते. बटण सेल मात्र घरी बदलता येतो, बहुतेक सीआर २०३२. घड्याळ सारखं चार्ज करावं लागतं.

रोजचं चालणं, झोप, हलकं धावणं यासाठी घड्याळ पुरेसं. इंटरव्हल किंवा झोननुसार, म्हणजे नाडी ठरावीक टप्प्यात ठेवून, सराव असेल तर पट्टा घ्याच. घड्याळ आधीच असेल तर ब्लूटूथने त्यालाच जोडा.