खानापूर रोडकडचा लेआउट: घर चांगलं, पण जायला-यायला एकच वाट

दोन वर्षं राहून मग लिहितोय. नाव घालत नाही, असे लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून विकलेल्या वसाहती, आता बेळगावच्या चारी बाजूंना झालेत. घर मस्त आहे, बोअरला पाणी आहे, ३० फुटी डांबरी रस्ते, गटार नीट, त्याबद्दल तक्रार नाही.

पण आमची लाइन शेवटाला भिंतीला जाऊन थांबते. पलीकडं दुसरा लेआउट, त्यातलं किराणा दुकान आमच्या गच्चीवरनं दिसतंय, सकाळी शटर उघडल्याचा आवाज येतोय, पण तिथं जायचं म्हटलं की आपल्या गेटनं बाहेर, मेन रोड, मग त्यांच्या गेटनं आत, दीड किलोमीटर झालं की. आई बेळगावातल्याच जुन्या शहापुरात वाढलेली, गल्ल्यांतनं चालत बाजार करून येणारी, ती आता कोथिंबिरीला सुद्धा माझी गाडी घरी यायची वाट बघत बसते, ते बघवत नाही. भिंतीचे वरचे चिरे एका जागी निखळलेत, तिथं पोरांनी सिमेंटचे दोन ब्लॉक ठेवून पायरी केलीय, शाळेला तिथनंच जातात. पावसात एकाचा पाय घसरून गुडघा फुटला, तेव्हापासनं सकाळी कुणीतरी एक बाई हात द्यायला तिथं उभी असते.

शहापुरात गणपतीचा मांडव पडून एक गल्ली बंद झाली तरी शेजारच्या गल्लीतनं निघता येतं. इथं गेटपुढं पाइपलाइनला चर खणली की सगळे आत अडकले. आणि असा प्रत्येक लेआउट थेट मेन रोडलाच उतरतोय, मग तिथं गर्दी होणारच. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोघा संशोधकांनी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून केलेल्या ऑनलाइन नकाशावरनं जगभरातले रस्ते तपासून २०२० साली हेच दाखवलं, १९७५ पासनं बऱ्याच देशांत नव्या वस्त्यांचे रस्ते एकमेकांपासनं तुटत चाललेत. घर पाडून परत बांधता येतं हो, एकदा प्लॉट विकले गेले की रस्ता कुठनं काढणार?

प्लॉट घेणाऱ्यांनी टाइल्स नंतर बघा, आधी मंजूर नकाशा मागा आणि शेवटचा रस्ता शेजारच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीला भिडतोय की मध्येच प्लॉट टाकून बंद केलाय तेवढं बघा. आमचा नकाशात भिडतोय, भिंत नंतर आली. सायकल जाईल एवढी तरी वाट काढा म्हणून दोन्हीकडच्या २२ घरांच्या सह्या घेऊन अर्ज दिलाय.

घराला ४ स्टार, रस्त्याला १. वाट उघडली की इथं येऊन बदलतो.