पेणजवळच्या मिठागरातलं खडे मीठ: लोणच्याच्या बरणीतून

एप्रिलच्या शेवटी माहेराहून येताना पेणच्या अलीकडे मिठागराच्या बांधावर बसलेल्या काकांकडून ५ किलो खडे मीठ घेतलं. पावसाळा संपला, लोणचं मुरलं, आता खात्रीने लिहिते: मीठ उत्तम आहे.

खडा भिंगाखाली धरला तर चौकोनी, आत पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला. संथ पाण्यावर तरंगत वाढलेला खडा असा होतो. बघतच राहावं!

समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले तीन-चतुर्थांश म्हणजे आपलं मीठ, सोडियम क्लोराइड. पाणी आटताना ते खाली बसतं, पण मॅग्नेशियमचे क्षार वरच्या पाण्यातच राहतात. ते कडू पाणी वेळेत सोडून दिलं नाही, तर मीठही कडवट होतं. काका म्हणाले, "कडू पानी आमी ठेवतच नाय, बाय."

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यामुळे घरी येऊन पडताळलंच. दोन पेल्यांत सारखं मीठ विरघळवलं, एकात हे आणि एकात गेल्या वर्षी दुसरीकडून आणलेलं. दोन्हींत धुण्याच्या सोड्याचं पाणी घातलं. मॅग्नेशियम-कॅल्शियम असेल तर पांढरा साका येतो. जुन्या मिठाचं पाणी दुधासारखं झालं, याचं जरासं गढुळलं.

जुलैत हेही ओलसर झालं, पण तो दोष मिठाचा नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठसुद्धा पाणी धरतं. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांनाच धरतं, म्हणून जुन्या मिठाच्या बरणीत तळाशी पाणी साचायचं.

तक्रार एकच, तळाच्या खड्यांना माती होती. साध्या पाण्याने धुऊ नका, निम्मं मीठ वाहून जाईल. पाण्यात मावेल तेवढं मीठ आधी विरघळवा आणि त्या पाण्यात खडे खळबळून घ्या. माती निघते, वरचं उरलंसुरलं मॅग्नेशियमही जातं, खडा तसाच राहतो. मग उन्हात वाळवा.

लोणच्याला चमच्याने नाही, वजनाने घ्या. खड्यांमध्ये पोकळी असते, चमचाभर खडे मीठ बारीक मिठापेक्षा कमी भरतं. मी किलोभर फोडींना १८० ग्रॅम घातलं. खार चाखून पाहिला, जिभेवर कडवटपणा अजिबात नाही.

यात आयोडीन घातलेलं नसतं, त्यामुळे रोजच्या भाजी-आमटीला घरात आयोडीनयुक्त मीठच आहे. लोणच्यासाठी मात्र येत्या एप्रिलमध्ये काकांकडूनच १० किलो आणणार, धाकट्या जावेनेही सांगून ठेवलंय.