कमी बजेटचा डीएसएलआर: डी३५००, २००डी मार्क २ की ३०००डी?

फक्त फोटो काढायचे असतील तर निकॉन डी३५०० घ्यावा. २४ मेगापिक्सेल, हलकी बॉडी आणि एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीनुसार १५५० फोटो. याच वर्गातला कॅनन १५००डी जेमतेम ५०० वर थांबतो. पण डी३५०० च्या बॉडीत फोकस मोटर (लेन्स फिरवून आपोआप फोकस करणारी) नाही. निकॉनची जुनी स्वस्त ५० एमएम एफ/१.८डी लेन्स लावली तर फोकस हातानेच फिरवावा लागतो, म्हणून लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे लेन्समध्येच मोटर) लिहिलेले पाहूनच पैसे मोजा. कॅननला ही कटकट नाही, मोटर लेन्समध्येच असते. कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम लेन्स कॅननच्या कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर आपोआप फोकस करते.

व्हिडिओसाठी मात्र कॅनन २००डी मार्क २. फिरणारा टच स्क्रीन, माइकचे सॉकेट, आणि ड्युअल पिक्सेल या कॅननच्या फोकस यंत्रणेमुळे चेहऱ्यावरून न हलणारा फोकस. हा फोकस फुल एचडीतच मिळतो. फोर-केमध्ये चित्र कापले जाते आणि फोकस चाचपडतो, तेव्हा खोक्यावरच्या ‘४के’ला भुलू नका.

कॅनन ३०००डी टाळा. १८ मेगापिक्सेल चालून जातील, पण लेन्स बसवायचा माउंट प्लास्टिकचा आहे आणि व्ह्यूफाइंडरला (डोळा लावून पाहायच्या खिडकीला) डायॉप्टर, म्हणजे नजरेच्या नंबरप्रमाणे जुळवायची सोय, नाही, म्हणजे चष्मा काढून पाहणाऱ्यांना सगळे धूसर.

जुना कॅमेरा घेताना एफ/१६ वर (लेन्सचे छिद्र लहान करून) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते. लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, तर ती लेन्स परत करा.